मार्खा खोऱ्याला जाण्यापूर्वी : एक अभ्यासपाठ



परीक्षा आटोपल्या की जुलैमध्ये लडाखच्या मार्खा खोऱ्यात वाटाड्यासोबत ट्रेकला जायचं, असा बेत आपल्या वाङ्मय मंडळातले काही सभासद करत आहेत. बेत ऐकला की प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "बूट कुठले घ्यायचे?" बूट महत्त्वाचे आहेतच. पण माझ्या मते तो प्रश्न चौथा किंवा पाचवा आहे. त्याच्या आधी विचारायचे प्रश्न असे : तिथली हवा आपल्या शरीराला काय करते? आपण किती वेगानं वर चढणार आहोत? थांबायचं की पुढे जायचं हे कोण ठरवणार? आणि ज्यांच्या घरी आपण मुक्काम करणार ती माणसं कोण आहेत? या प्रश्नांची उत्तरं न शोधता गेलेला माणूस कधी कधी नुसता आजारी पडून परत येतो, आणि कधी कधी परतही येत नाही. म्हणून हा पाठ.

आपण राहतो ते बिदरचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंच आहे. कलबुर्गी त्याहून खाली, साधारण साडेचारशे मीटरवर. लेह शहर आहे साडेतीन हजार मीटरवर, आणि मार्खा खोऱ्यातून बाहेर पडताना जी कोंगमारू ला ओलांडावी लागते ती पाच हजार मीटरच्याही वर. ('ला' म्हणजेच खिंड. त्यामुळे 'कोंगमारू ला खिंड' म्हणणं म्हणजे 'खिंड खिंड' म्हणणं. भाषेच्या विद्यार्थ्यांनी एवढं तरी टाळावं!)

1. हवा : फादर आंद्राद यांना न सुटलेलं कोडं

1624 साली अंतोनियो द आंद्राद नावाचे येशूसंघाचे पोर्तुगीज धर्मगुरू आग्र्याहून निघाले. सोबत ब्रदर मानुएल मार्केस होते. बद्रीनाथला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या मेळ्यात ते वेष बदलून मिसळले आणि पुढे माणा खिंड ओलांडून पश्चिम तिबेटमधल्या त्सापारांगला पोहोचले. ही खिंड साडेपाच हजार मीटरच्या आसपास आहे. बर्फावरून परतणाऱ्या उन्हानं त्यांचे डोळे काही काळ जवळजवळ गेले. हातपाय इतके बधिर झाले, की बोटाचा तुकडा पडला तरी वेदना जाणवली नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. 'या डोंगरांत जमिनीतून विषारी वाफ निघते, तिनं धडधाकट माणूस घटकाभरात मरतो', असं त्यांना वाटेत सांगितलं गेलं. आंद्राद यांना ते पटलं नाही. अतिथंडी आणि पोटात पुरेसं अन्न नसणं हे कारण असावं, असं त्यांचं मत.

दोन्ही उत्तरं चुकीची होती. पण हसण्याचं कारण नाही. हवेला वजन असतं हे दाखवणारा तोरिचेल्लीचा वायुभारमापक आला 1643 मध्ये, म्हणजे आंद्राद गोव्यात वारल्यावर नऊ वर्षांनी. डोंगरावर हवेचा दाब कमी होतो हे प्रत्यक्ष मोजलं गेलं 1648 मध्ये. आणि उंचीवरच्या आजाराचं मूळ प्राणवायूचा दाब कमी असण्यात आहे, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानं प्रयोगांनी मांडलं ते थेट 1878 मध्ये.

आता हे नीट समजून घेऊ. "वर ऑक्सिजन कमी असतो" असं आपण सहज म्हणतो. पण हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण बिदरला जेवढं, तेवढंच कोंगमारू ला वर असतं : सुमारे 21 टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीचा दाब 100 धरला, तर बिदरला तो साधारण 93 असतो, लेहला 65 च्या आसपास, निमालिंगच्या मुक्कामावर 55 आणि खिंडीत जेमतेम 52. म्हणजे आपण घेतलेला प्रत्येक श्वास तिथे जवळजवळ अर्धाच कामाचा असतो.

शरीर यावर उपाय करतं. श्वास वाढवतं, नाडी जलद करतं आणि हळूहळू रक्तातही बदल घडवतं. पण या सगळ्याला दिवस लागतात, तास पुरत नाहीत. ही सवय होण्याआधी आपण वर चढत राहिलो की आजार सुरू होतो. लक्षणं साधी वाटतात : डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, थकवा, गरगरणं. "प्रवासाचा शीण असेल" म्हणून आपण सोडून देतो, आणि तिथेच घात होतो. लडाखमध्ये पोहोचल्यावर डोकं दुखलं, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ते उंचीमुळेच दुखतंय असं समजायचं.

यापुढचे दोन प्रकार जिवावर बेतणारे आहेत. पहिला, फुप्फुसात पाणी होणं : बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही, ओठ निळसर पडतात. दुसरा, मेंदूला सूज येणं : माणूस असंबद्ध बोलतो, चालताना तोल जातो. याची परीक्षा सोपी आहे. जमिनीवर सरळ रेघ समजून टाचेला पंजा लावत दहा पावलं चालायला सांगा. चालता आलं नाही, तर वाद घालत बसायचं नाही. रात्र असो, पाऊस असो, त्या माणसाला खाली उतरवायचं. औषध आणि ऑक्सिजन मिळाला तर द्यायचाच, पण खरा उपाय खाली उतरणं हाच आहे.

आणखी एक गोष्ट, खास आपल्या मुलांसाठी. व्यायाम केलेल्या, धष्टपुष्ट माणसाला हा आजार होत नाही असं मुळीच नाही. उलट दम चांगला असलेला मुलगा भरभर चढतो, त्यामुळे शरीराला वेळच मिळत नाही. मार्खा खोऱ्यात पहिला येणाऱ्याला बक्षीस नाही.

2. वेळापत्रक : उडी नको, पायऱ्या हव्यात

डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम असा : तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त उंच करू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. दिवसा थोडं वर जाऊन रात्री खाली झोपायला आलं तर उत्तमच.

आता हा नियम आपल्या प्रवासाला लावून बघू. दिल्लीहून विमानानं लेहला गेलो, तर दोनशे मीटरवरून थेट साडेतीन हजारांवर, दीड तासात! शरीराला हा धक्काच आहे. दुसरा मार्ग रस्त्याचा. कलबुर्गीहून कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून श्रीनगर (साधारण 1,600 मीटर), मग झोजी ला ओलांडून कारगिलला मुक्काम (साधारण 2,700) आणि दुसऱ्या दिवशी लेह. वेळ जास्त जातो, पण एका उडीऐवजी तीन पायऱ्या होतात. मनालीकडून जाणारा रस्ता देखणा आहे. पण तिथे वाटेतला मुक्काम बऱ्याचदा सर्चूला, लेहपेक्षाही उंचावर पडतो, म्हणून पहिल्या खेपेला तो नको. कुठूनही गेलो तरी लेहमध्ये पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती. बाजारात हळू चाला, पाणी प्या, झोपा. खारदुंग ला चं फोटो काढणं नंतर.

पुढे चिलिंग, स्कियू, मार्खा, हंकर, निमालिंग, मग खिंड ओलांडून शांग सुमदो, असा नेहमीचा मार्ग आहे. स्कियूपासून हंकरपर्यंत चढ सोसवेल असा आहे. कसोटी लागते ती हंकरच्या पुढे. हंकर चार हजार मीटरच्या आसपास आणि निमालिंग साडेचार हजारांच्या बरंच वर. ही एका दिवसातली झेप 500 च्या नियमात बसत नाही. म्हणून मध्ये थाचुंगत्से इथे एक मुक्काम घालायचा. सहल नेणाऱ्यांच्या वेळापत्रकात तो नसेल, तर पैसे भरण्याआधी तो मागून घ्या. एक दिवसाचा खर्च वाढेल, वाढू दे.

निमालिंगचा दुसरा पेच असा, की तिथे कुणी आजारी पडलं तर पुढे जाऊन खाली उतरता येत नाही. पुढे आधी खिंडीचा चढ आहे. म्हणून त्या मुक्कामावर 'खाली' म्हणजे 'मागे', हंकरकडे. "एवढं आलोच आहोत तर खिंड ओलांडून पलीकडे उतरू" हा विचार तिथे सगळ्यांत धोक्याचा.

3. शरीर : पठारावर राहून चढाची तयारी

बिदरमध्ये डोंगर नाहीत, मग सराव कसा करायचा? उंचीचा सराव इथे होणारच नाही, हे आधी मान्य करू. इथे होतो तो पायांचा, दमाचा आणि पाठीचा सराव. निघण्याआधी किमान बारा आठवडे हाताशी असावेत.

पहिले चार आठवडे : आठवड्यातून पाच दिवस सकाळी तासभर झपझप चालणं. किल्ल्याची तटबंदी आणि खंदकाच्या कडेची वाट त्यासाठी फार छान. एप्रिल-मेमध्ये ऊन चाळिशी गाठतं, तेव्हा सात वाजण्याच्या आत घरी परत.

पुढचे चार आठवडे : जिने. कॉलेजच्या तीन मजल्यांचा जिना वीस वेळा चढा-उतरा. उतरणं टाळू नका. गुडघे दुखतात ते उतरताना. पाठीवर सॅक, तिच्यात आधी तीन किलो, मग पाच, मग सात. वजनासाठी पाण्याच्या बाटल्या भरा, म्हणजे गुडघा कुरकुरला तर पाणी ओतून टाकता येतं.

शेवटचे चार आठवडे : आठवड्यातून एक दिवस सलग पाच-सहा तास चाल. चिंचोळी अभयारण्यातल्या टेकड्या त्यासाठी योग्य. वनखात्याची परवानगी काढून गटानंच जा. बूट नवे असतील तर याच काळात घालून मळवायचे. नवे कोरे बूट लेहमध्ये पहिल्यांदा घालणं म्हणजे फोडांना आमंत्रण.

डॉक्टरांकडे निघण्याच्या दीड महिना आधी जा. हिमोग्लोबिन तपासा. ऑक्सिजन वाहून नेणारं तेच, आणि आपल्याकडे मुलींमध्ये ते कमी असणं नवीन नाही. वेळ असला तर ते आहारानं आणि गोळ्यांनी सुधारतं. दमा, हृदयाचा त्रास, सिकलसेल असेल तर स्पष्ट सांगा. असेटाझोलामाइड ही गोळी उंचीची सवय व्हायला मदत करते. पण सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना ती चालेलच असं नाही. म्हणून ती मित्राच्या डबीतून घ्यायची नाही, डॉक्टरांना विचारून घ्यायची. झोपेच्या गोळ्या आणि दारू तिथे वर्ज्य.

सामानाबद्दल थोडक्यात : सुती कपडे घामानं भिजले की वाळत नाहीत आणि अंग गार पडतं, म्हणून अंगालगत लवकर वाळणारा कपडा, त्यावर लोकर, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. उन्हाचा काळा चष्मा चैनीची वस्तू नाही. आंद्राद यांचे डोळे आठवा. आणि खाऊ दुकानातून आणायची गरज नाही. आपली ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ-दाणे यांच्याइतकं हलकं, टिकाऊ आणि ताकदीचं दुसरं काय आहे? भूक मेलेली असतानाही घरची चव घशाखाली उतरते.

4. वाटाड्या : त्याचा शब्द शेवटचा

'गायडेड ट्रेक' ही काही आजची गोष्ट नाही. इप्पोलितो देसिदेरी हे येशूसंघाचे इटालियन धर्मगुरू 1713 मध्ये गोव्याला उतरले आणि 1715 च्या उन्हाळ्यात, झोजी ला ओलांडून, लेहला पोहोचले. म्हणजे वर सांगितलेला श्रीनगरचा रस्ता तो हाच. लेहमध्ये राहून भाषा शिकावी असं देसिदेरींना वाटत होतं. सोबतचे मानुएल फ्रेयरे यांना पुढे जायचं होतं. शेवटी दोघे ल्हासाकडे निघाले. पश्चिम तिबेटचा तो ओसाड मुलूख, तोही हिवाळ्यात, त्यांनी पार केला तो ल्हासाला परतणाऱ्या एका मंगोल सरदारीणबाईंच्या काफिल्यात सामील होऊन. एकदा फ्रेयरे यांचा घोडा बर्फात कोसळला आणि ते मागे राहिले, तेव्हा तिनंच माणसं पाठवून त्यांना शोधून आणलं. मार्च 1716 मध्ये दोघे ल्हासाला पोहोचले.

म्हणजे बघा, विद्वत्ता देसिदेरींकडे होती, पण वाट त्या बाईंना माहीत होती. आपल्यालाही हेच लक्षात ठेवायचं आहे. मार्खा नदी ओलांडायची ती सकाळी, कारण दुपारी वरचं बर्फ वितळून पाणी चढतं. तंबू ओढ्याच्या कोरड्या पात्रात टाकायचा नाही. 5 ऑगस्ट 2010 च्या रात्री लेहवर ढगफुटी झाली आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. 'लडाखमध्ये पाऊस पडतच नाही' हा भरवसा त्या रात्री संपला. हे सगळं वाटाड्याला पाठ असतं. तो 'आज नाही' म्हणाला, तर आज नाही. "आम्ही पैसे भरलेत" हे वाक्य तिथे उच्चारायचं नाही.

मात्र आधी प्रश्न विचारणं हा आपला हक्क आहे. ऑक्सिजनचं सिलिंडर सोबत आहे का? खेचरवाले आणि स्वयंपाकी यांचा विमा आहे का, की फक्त आपलाच? आजारी माणसाला परत नेण्यासाठी जादा वाटाड्या आहे का? परवाने आणि शुल्क यांचे चालू नियम काय? उत्तरं लेखी घ्या.

5. माणसं : सन्नतीच्या शिळेचा धडा

आता जो भाग आपण सहसा 'तयारी' समजतच नाही, तो.

कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी सन्नती आहे. 1986 मध्ये तिथल्या चंद्रलांबा देवस्थानाच्या आवारातल्या कालीमंदिराचं छत कोसळलं, आणि मूर्तीच्या पायाशी बसवलेल्या शिळेवर सम्राट अशोकाचे लेख सापडले. जवळच्याच कनगनहळ्ळीच्या उत्खननात मोठा स्तूप निघाला आणि 'राञो असोक' असं नाव कोरलेलं अशोकाचं शिल्पही मिळालं. बौद्ध प्रदेश फक्त हिमालयात आहे असं समजू नका; आपण एका बौद्ध प्रदेशातूनच निघणार आहोत.

त्या शिळेवर अशोकाचा बारावा शिलालेख आहे. त्याचा आशय असा : आपल्या पंथाची वारेमाप स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची विनाकारण निंदा करू नये, जो असं करतो तो स्वतःच्याच पंथाचं नुकसान करतो, एकमेकांचं ऐकून घ्यावं. गोम्पामध्ये पाऊल टाकताना आणखी वेगळा नियम कशाला हवा? मी कॅथलिक आहे, त्यामुळे "आपण गोम्पात जावं का?" हा प्रश्न मला घरूनही विचारला गेला. 1965 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या घोषणापत्रात बौद्ध धर्माचं नाव घेऊन सांगितलं आहे, की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. आदरानं आत जाण्यासाठी स्वतःची श्रद्धा दाराबाहेर काढून ठेवावी लागत नाही. दाराबाहेर ठेवायचे ते बूट.

आपल्या वर्गातल्या बौद्ध मित्रमैत्रिणींसाठीही एक सूचना आहे. त्यांचा वारसा 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेचा. लडाखचा बौद्ध धर्म तिबेटी परंपरेचा : मुखवट्यांचं नृत्य, लामा, मंत्रांची चक्रं. ते वेगळं वाटेल. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी 1902 मध्ये बौद्ध धर्माच्या शोधात हालअपेष्टा सोसत काठमांडूला पोहोचले, आणि तिथे जे दिसलं त्यानं निराश झाले. पण ते तिथेच थांबले नाहीत. बुद्धगयेवरून सिलोनला गेले, पाली शिकले आणि पुढे मराठीला बुद्ध समजावून सांगितला. त्यांचं 'निवेदन' हे आत्मचरित्र निघण्यापूर्वी प्रत्येकानं वाचावं. मनातला बुद्ध आणि समोरचा विहार यांत अंतर पडलं तर काय करायचं, ते त्यात कळतं.

काही साधे शिष्टाचार : मणी-भिंत किंवा छोर्तेन वाटेत आला तर तो आपल्या उजव्या हाताला राहील असं चाला. मणी-भिंतीवरचे कोरीव दगड उचलायचे नाहीत, त्यावर बसायचं नाही. पूजेच्या जागेकडे पाय पसरायचे नाहीत. फोटोआधी विचारायचं. चुलीत कचरा टाकायचा नाही. घरांतले संडास कोरडे असतात, त्यांत पाणी ओतायचं नाही, माती टाकायची. पाणी बर्फ वितळून पाटानं येतं आणि त्यावरच जव पिकतो. बहामनी काळापासूनच्या नौबादच्या कारेझ आपल्या गावात आहेत, तेव्हा पाटाच्या पाण्याची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि भाषा. 'जुले' म्हणजे नमस्कार, आभार आणि निरोपही. आदरासाठी नात्याच्या शब्दाला 'ले' जोडतात : आईच्या वयाच्या बाईला 'आमा-ले', मोठ्या भावासारख्याला 'आचो-ले', मोठ्या बहिणीसारखीला 'आचे-ले'. आपण बिदरकर मराठीत मावशी म्हणतो, कन्नडमध्ये अक्का, उर्दूत आपा. चौथा शब्द जड नाही. थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आले आणि मराठी शिकून त्यांनी 1616 मध्ये 'ख्रिस्तपुराण' छापलं. देसिदेरी ल्हासात तिबेटी शिकून तिबेटीत ग्रंथ लिहू लागले. आपल्याला फक्त पन्नास शब्द शिकायचे आहेत.

6. पुढच्या बैठकीपर्यंतचा गृहपाठ

1. प्रत्येकानं मुक्कामांचा तक्ता करावा : गाव, उंची, आदल्या रात्रीपेक्षा किती वाढ. 500 च्या वरची प्रत्येक वाढ लाल पेननं दाखवावी.
2. टाचेला पंजा लावून चालण्याची परीक्षा जोडीदारावर करून पाहावी. बरं असताना माणूस कसा चालतो हे माहीत असेल, तरच बिघाड ओळखू येतो.
3. जोड्या ठरवाव्यात. जोडीदाराची भूक, झोप आणि डोकेदुखी रोज सकाळ-संध्याकाळ विचारून वहीत लिहायची. आजारी माणूस स्वतःचं खरं सांगत नाही.
4. एक रविवार सन्नती-कनगनहळ्ळीला जाऊन यावं.
5. 'मी खिंड न ओलांडता परत फिरलो, तर घरी काय सांगेन?' यावर एक परिच्छेद लिहून आणावा. तो बेधडक लिहिता आला, तर तयारी झाली असं समजायला हरकत नाही. लिहिता आला नाही, तर अजून बारा आठवडे आहेत.

जुले!